सव्वा किलोची सोबत

प्रवासाला निघालेल्या माणसाच्या सामानावरून त्याचा काळ ओळखावा. एके काळी होल्डॉल, पत्र्याची ट्रंक, फिरकीचा तांब्या आणि दशम्यांचा डबा एवढा जामानिमा झाल्याशिवाय घरातलं माणूस स्टेशनकडे वळत नसे. मग बॅगांना चाकं आली, पाण्याची बाटली फलाटावर मिळू लागली, चादर-उशी गाडीतच हाती पडू लागली. ओझं कमी झालं म्हणता म्हणता एक नवी वस्तू पिशवीत येऊन बसली. ती म्हणजे लॅपटॉप! ज्यांचं पोट लिहिण्यावाचण्यावर किंवा हिशेबावर चालतं, त्यांना आता गावाला जाताना आपलं ऑफिसच खांद्याला लटकवून न्यावं लागतं. हे ऑफिस किती वजनाचं असावं आणि त्यासाठी किती पैसे मोजावेत, हा प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही.

इंदूरच्या एका बाई गेल्या वर्षी याच प्रश्नाशी महिनाभर झुंजत होत्या. वय ५७. घरबसल्या हिंदीतून मराठीत अनुवाद करायचा, हा त्यांचा व्यवसाय. बँकांची पत्रकं, औषधांबरोबर येणारे माहितीचे कागद, कधीमधी एखादं पुस्तक. शब्दागणिक पैसे मिळतात आणि काम वेळेत दिलं नाही तर पुढचं काम दुसऱ्याकडे जातं. त्यांची आई नागपूरला, त्यांच्या भावाकडे. वय ८४. न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आता वॉकर धरून चार पावलं टाकता येतात. पण रात्री उठवायला, बसवायला कोणीतरी जवळ हवंच. ते कोणीतरी म्हणजे वहिनी. बाई महिन्यातून एकदा जायच्या, चार-पाच दिवस राहायच्या आणि परत यायच्या. निघताना वहिनी एवढंच म्हणायच्या, "ताई, तुम्ही असलात की मला झोप लागते." त्यात तक्रार नव्हती. म्हणूनच ते वाक्य बाईंना जास्त लागायचं.

पंधरा दिवस का राहता येत नव्हतं? कारण काम इंदूरला टेबलावर होतं. घरातला लॅपटॉप पंधरा इंची. एकदा तो नागपूरला नेऊन पाहिला, तर उजवा खांदा आठवडाभर वर उचलता येईना. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, या खांद्यावर वजन घ्यायचं नाही. मोबाईलवर अनुवाद करून पाहिला. दोन पानांत डोळे आणि अंगठे दोन्ही संपावर गेले.

भाचा म्हणाला, "आत्या, नवीन घे ना. हप्त्यावर मिळतो." पण नव्या लॅपटॉपचं गणित उलटं असतं. भाजी घेताना वजन वाढलं की पैसे वाढतात. इथे वजन उतरलं की किंमत चढते. बाईंनी एका पुस्तकाच्या मानधनातले वीस हजार बाजूला ठेवले होते. पुढच्या महिन्यात काम मिळेल याची खात्री नसलेल्या माणसाने हप्त्यांच्या वाटेला जाऊ नये, हा त्यांचा जुना नेम. तेव्हा ठरलं: लहान, हलका आणि सेकंडहँड.

लहान कॉम्प्युटरची हौस काही आजची नाही. १९८१ साली ऑस्बोर्न नावाचं एक यंत्र अमेरिकेत विकायला आलं. ते 'बरोबर नेता येण्याजोगं' म्हणून गाजलं. वजन किती? जवळजवळ अकरा किलो! शिवणयंत्राच्या पेटीसारखं दिसणारं हे धूड उचलून माणसं विमानात चढत. दोनच वर्षांनी, १९८३ साली, टीआरएस-८० मॉडेल १०० आलं. वहीएवढा आकार, दीड किलोच्या आतलं वजन आणि पेन्सिलीएवढ्या चार साध्या सेलवर चालणारं. पडद्यावर जेमतेम आठ ओळी मावत. पण बातमीदारांनी ते डोक्यावर घेतलं. बातमी जागेवर टाइप करायची आणि टेलिफोनच्या तारेवरून कचेरीत पाठवायची. त्यांना तेवढंच तर हवं होतं. १९९६ साली तोशिबाने जपानमध्ये लिब्रेटो आणला, तो एक किलोच्याही आत. २००७ साली असुसचा सात इंची 'ई पीसी' आला आणि 'नेटबुक' नावाची स्वस्त, चिमुकल्या लॅपटॉपची लाटच आली. पाच-सहा वर्षांत टॅब्लेट आणि मोठ्या पडद्याचे मोबाईल आले आणि ती लाट ओसरली. दरम्यान २००८ साली स्टीव्ह जॉब्ज यांनी कागदी लिफाफ्यातून एक चपटा लॅपटॉप बाहेर काढून दाखवला, आणि पातळ यंत्रांची शर्यत सुरू झाली.

हा इतिहास सांगायचं कारण एवढंच, की जुन्या बाजारात गेलं की हे सगळे काळ एकाच फळीवर शेजारी शेजारी मांडलेले दिसतात. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचं नेहरू प्लेस, बेंगळुरूचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट. नावं वेगळी, पण देखावा तोच. आणि गिऱ्हाईक गोंधळतं ते तिथेच. जो सर्वांत लहान आणि सर्वांत स्वस्त, त्याच्यावर पहिली नजर जाते.

बाईंचीही गेली. इंदूरच्या एका दुकानात दहा इंची नेटबुक होतं. पाच हजारांत. हातात घेतलं तर पोथीएवढं! क्षणभर वाटलं, शोध संपला. पण त्यांनी एक साधी युक्ती केली. दुकानदाराला मराठीचा कीबोर्ड चालू करायला सांगितला आणि एकच शब्द टाइप केला: 'डॉक्टर'. नागपूरच्या घरी आणि त्यांच्या कामात दिवसातून वीसदा लागणारा शब्द.

इथे एक गंमत सांगायला हवी. इनस्क्रिप्ट पद्धतीने देवनागरी टाइप करणाऱ्यांना ती चटकन कळेल. इंग्रजी लिहिणाऱ्याची बोटं मुख्यतः मधल्या कळांवर नाचतात. उजव्या कडेच्या कळांवर त्याची विरामचिन्हं आणि कंस असतात, त्यांची गरज क्वचित पडते. म्हणून यंत्र लहान करताना कंपन्या बहुधा पहिली कात्री या उजव्या कडेला लावतात. पण मराठीचा संसार तिथेच असतो! ज, ड, च, ट ही अक्षरं आणि 'ऑफिस'-'डॉक्टर'मधला तो अर्धचंद्र, सगळे उजव्या कडेचे रहिवासी. त्या नेटबुकवर 'डॉक्टर' लिहायला बाईंची करंगळी तीनदा चुकली. एका शब्दात तीन चुका, तर दिवसाच्या दोन हजार शब्दांत किती? त्यांनी ते नेटबुक हळूच मिटून परत दिलं.

शिवाय त्याचं पोटही लहान होतं. दोन जीबी मेमरी. पंधरा वर्षांपूर्वी ती पुरत होती. आजचं एखादं संकेतस्थळ उघडलं की तेवढी मेमरी धापा टाकू लागते. जुनं यंत्र बिघडत नाही, जग त्याच्यापुढे निघून जातं.

दुसरा पर्याय भाच्याने सुचवला: टॅब्लेट आणि त्याला जोडायचा कीबोर्ड. वजनाला सर्वांत हलका. वाचायला, पाहायला, नातवंडांशी बोलायला उत्तम. पण बाईंचं काम असं, की डावीकडे मूळ हिंदी मजकूर आणि उजवीकडे मराठी, दोन्ही एकाच वेळी डोळ्यांपुढे हवेत. त्यातही आईच्या खाटेशेजारी बसून काम करायचं म्हणजे टेबल नाही, यंत्र मांडीवर. टॅब्लेटला मागून टेकू लागतो आणि मांडीवर तो टेकू घसरतो. वस्तू चांगली आहे की वाईट, हे वस्तूवर नाही, ती कुठे ठेवून वापरायची यावर ठरतं.

राहिला तिसरा प्रकार. मोठ्या कंपन्या आपल्या माणसांसाठी शेकड्यांनी लॅपटॉप घेतात, पुष्कळदा भाड्याने, आणि तीन-चार वर्षांनी एकदम बदलतात. ते उतरलेले लॅपटॉप साफसूफ होऊन बाजारात येतात. यांत साडेबारा इंची पडद्याची एक जात आहे: लेनोवोच्या थिंकपॅडची एक्स मालिका, डेलचा लॅटिट्यूड ७२९०, एचपीचा एलिटबुक ८२०. फिरतीवरच्या नोकरदारांसाठी केलेली ही यंत्रं. दिसायला काळी-करडी, चकचकाट नाही. पण बिजागऱ्या घट्ट, कीबोर्ड पूर्ण मापाचा आणि वजन बहुतेकांचं सव्वा किलोच्या आसपास.

यातही फसायला जागा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरवरच रीतसर चालतं. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची चांगली धडधाकट यंत्रं स्वस्तात मिळतात. दुकानदार त्यांच्यावर आडमार्गाने विंडोज ११ चढवूनही देतो. ज्याला लिनक्स वापरता येतं, त्याला ही यंत्रं म्हणजे पर्वणी. भाचा तेच वापरतो. पण परगावी, आईच्या उशाशी, रात्री अकरा वाजता यंत्र अडलं तर भाच्याला फोन करत बसायचं नाही, असं बाईंनी ठरवलं होतं. म्हणून त्यांनी आठव्या पिढीचा हट्ट धरला.

तिसऱ्या फेरीत थिंकपॅड एक्स २८० पुढे आला. २०१८ सालचं मॉडेल. मेमरी आठ जीबी, साठवणीला २५६ जीबीची एसएसडी. या मॉडेलमध्ये मेमरी मूळ पाटीवरच पक्की बसवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. तेव्हा चार जीबीवाला दोन हजारांनी स्वस्त मिळत होता, तरी बाईंनी तिकडे पाहिलं नाही. दुकानदाराने एकोणीस हजार पाचशे सांगितले आणि वर पुस्ती जोडली, "आंटीजी, मक्खन है!"

मक्खन की काय, ते पाहायला बाई दीड तास बसल्या. त्यांनी काय काय पाहिलं, ते कोणालाही उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, बॅटरी. विंडोजमध्ये एक छोटी आज्ञा देऊन बॅटरीचा अहवाल काढता येतो. बॅटरी जन्मली तेव्हा किती वीज साठवत होती आणि आज किती साठवते, हे त्यात आकड्यांत असतं. मूळ आकडा ४८ वॉट-तासांचा, आजचा ३१. म्हणजे शंभरातली पासष्ट शिल्लक. तोंडी "चार घंटे आराम से" म्हणणारा दुकानदार हा कागद पाहून गप्प झाला. लिथियमची बॅटरी वापराने आणि वयाने झिजतेच, त्यात कोणाचा दोष नाही; पण झिजेचा हिशेब किमतीत धरायला हवा.

दुसरी गोष्ट, कुलूप. कंपन्यांच्या यंत्रांना मुळाशी एक पासवर्ड घातलेला असतो. तो काढला नसेल तर पुढे अडचण येते. काही यंत्रं तर इंटरनेटला जोडली की जुन्या मालकाच्या कंपनीचं नाव दाखवून तिथल्या नोकराची ओळख मागतात. म्हणून बाईंनी विंडोज समोर बसून नव्याने चढवायला लावलं आणि इंटरनेट जोडून पाहिलं. त्यात आधीच्या माणसाची कागदपत्रंही पुसली गेली, हा दुसरा फायदा.

तिसरी गोष्ट, अंग. पडदा पूर्ण पांढरा करून मेलेले ठिपके शोधले. बिजागरी वीसदा उघडून मिटली. कीबोर्डाची प्रत्येक कळ दाबली आणि अर्थातच 'डॉक्टर' लिहिलं. एकदाही चूक नाही! पडदा १९२० बाय १०८० चा आहे ना, हे पाहिलं. याच मॉडेलमध्ये कमी रेषांचा पडदाही येतो, त्यात दोन मजकूर शेजारी ठेवले की अक्षरं दाटीवाटीने उभी राहतात. कॅमेरा, आवाज, वायफाय चालू करून भाच्याशी बोलून घेतलं.

चौथी गोष्ट, कागद. यंत्राच्या पोटाखालचा सिरियल नंबर आणि सेटिंगमध्ये दिसणारा नंबर एक आहे का, हे ताडून पाहिलं आणि तो नंबर पक्क्या बिलावर लिहून घेतला. बिलाशिवाय घेतलेली वस्तू चोरीची निघाली तर स्वस्ताई फार महाग पडते.

पाचवी गोष्ट मात्र दुकानदाराने यापूर्वी कधी पाहिली नव्हती. बाई यंत्र घेऊन शेजारच्या किराणा दुकानात गेल्या आणि तांदूळ तोलायच्या काट्यावर ठेवलं. १ किलो १८० ग्रॅम. मग चार्जर ठेवला. २७० ग्रॅम. घरच्या लॅपटॉपचं वजन त्यांनी आधीच करून ठेवलं होतं. चार्जरसकट २ किलो ८०० ग्रॅम. म्हणजे जवळजवळ निम्मं! माणसं यंत्राचं वजन विचारतात आणि चार्जरची वीट विसरतात. खांदा मात्र दोघांचं मिळून वजन धरतो. या यंत्राचा चार्जर टाइप-सी होता, त्यामुळे त्याच चार्जरवर मोबाईलही चार्ज होणार होता. आणखी एक डबी पिशवीतून कमी झाली.

बॅटरीचा कागद पुढे ठेवून घासाघीस झाली आणि सौदा सतरा हजारांवर तुटला. उरलेले तीन हजार बाईंनी नव्या बॅटरीसाठी राखून ठेवले. भाचा म्हणाला, "आत्या, अजून हलका मिळाला असता. नऊशे ग्रॅमचेही असतात." असतात ना! पण त्यांत कळा उथळ, जोडणीची तोंडं एक-दोनच, आणि दुरुस्ती करणारा शोधावा लागतो. या यंत्राचे सुटे भाग इंदुरातही मिळतात आणि नागपुरातही. परगावी जाणाऱ्या वस्तूला परगावी वैद्य मिळाला पाहिजे. दोनशे ऐंशी ग्रॅमची किंमत त्यांनी अशी लावली.

सेकंडहँड वस्तूशी वागण्याचीही एक रीत असते. तिच्यावर विश्वास ठेवावा, पण सगळा नाही. रोज रात्री झालेलं काम इंटरनेटवरच्या आपल्या खात्यात आणि एका पेनड्राइव्हवर ठेवायचं, म्हणजे यंत्र उद्या मान टाकून बसलं तरी काम वाचतं. झाकणाला पासवर्ड हवाच. प्रवासात पिशवी हरवते, तेव्हा यंत्रापेक्षा आतल्या बँकेच्या कागदांची चिंता मोठी असते. गाडीतल्या प्लगवर विसंबून निघायचं नाही, आधी पूर्ण चार्ज करून निघायचं. विमानाने जायचं असेल तर लॅपटॉप आणि पॉवरबँक हातातल्या बॅगेतच ठेवायची; शंभर वॉट-तासांपर्यंतची बॅटरी तिथे चालते, आणि या जातीच्या यंत्रांची बॅटरी त्याच्या निम्म्यावर असते. पॉवरबँक तर सामानात टाकायचीच नसते.

नागपुरात बाईंनी आपली जागा आईच्या खोलीतल्या खिडकीशी केली. आईला आधी ते यंत्र आवडलं नाही. "आलीस ती त्या पाटीत डोकं घालून बसलीस," असं पहिल्या दिवशी ऐकावं लागलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी अक्षरं मोठी करून एक परिच्छेद आईला दाखवला. आईने चष्मा चढवला, सावकाश वाचला आणि एका शब्दावर बोट ठेवलं. "हे हिंदी झालं गं. मराठीत असं म्हणत नाहीत." चाळीस वर्षं इंदुरात काढलेल्या लेकीचं मराठी आईने असं धुऊन घेतलं. मग तो रिवाजच पडला. सकाळची औषधं झाली की आई विचारू लागली, "आज काय आहे तपासायला?"

काम अगदी घरच्यासारखं होत होतं, असं नाही. मध्येच आईला उठवायचं, पाणी द्यायचं, शेजारची मंडळी भेटायला आली की यंत्र मिटायचं. टेबलावर दोन हजार शब्द होत, तिथे बाराशे झाले. पण बाराशे झाले, शून्य नाही. आणि त्या बाराशेंच्या जोरावर बाई पाचाऐवजी सोळा दिवस राहिल्या.

सहाव्या दिवशी त्यांनी भावाला सांगितलं, "दादा, वहिनीचं अकोल्याचं तिकीट काढ." चौदा महिन्यांत वहिनी माहेरी गेल्या नव्हत्या. "मी नसताना तुम्हाला सगळं जमेल का, ताई? रात्री दोनदा उठावं लागतं," असं त्या तीनदा म्हणाल्या, वॉकर कुठे ठेवायचा ते दोनदा दाखवलं, औषधांची यादी फ्रीजला चिकटवली, आणि अखेर गेल्या. पाच दिवस राहून आल्या. परतल्या तेव्हा हातात बांगड्यांचा नवा जोड होता आणि डोळ्यांखालची काळी वर्तुळं थोडी फिकी झाली होती.

लॅपटॉपच्या जाहिरातीत वेग सांगतात, पडदा सांगतात, जाडी मिलिमीटरमध्ये सांगतात. घेणाऱ्याने मात्र आधी आपल्याशी एकच प्रश्न ठरवून घ्यावा: हे बरोबर असलं म्हणजे मला कुठे, कोणाजवळ आणि किती दिवस राहता येईल? त्या प्रश्नाचं उत्तर पक्कं असलं, की सतरा हजारांचं जुनं यंत्रही पुरतं. ते नसेल, तर लाखाचं नवंही कमीच पडतं.